उड्डाण-सिम्युलेटरचा संगणक आणि त्याच्या घटकांची निवड

उड्डाण-सिम्युलेटरसाठी संगणक जुळवावयाचा झाला म्हणजे बहुधा एकच विचारसरणी आढळते: बाजारातील जो घटक सर्वांत महाग तो घ्यावा, म्हणजे यंत्र आपोआप उत्कृष्ट होईल. ही समजूत अगदीच भाबडी आहे असे नव्हे. चित्रपटाचे संकलन, मोठ्या समीकरणसंचांची उकल, हवामानाची गणिते इत्यादी कामांना ती बऱ्याच अंशी लागू पडते. कारण तेथे एकूण काम किती आणि ते किती वेळात उरकले, एवढाच प्रश्न असतो. उत्तर पाच मिनिटे उशिरा आले तरी ते उत्तरच राहते. सिम्युलेटरची गोष्ट निराळी आहे. वैमानिकाने दांडा मागे ओढताच पडद्यावरील क्षितिज खाली सरकले पाहिजे, आणि तेही ठराविक क्षणाच्या आत. तो क्षण टळल्यावर आलेले बिनचूक उत्तर हे चुकलेल्या उत्तराइतकेच निरुपयोगी होय. घटकांच्या निवडीचा सारा विचार या एका अटीतून निघतो, आणि ही अट ध्यानात न घेता केलेला खर्च पुष्कळदा वाया जातो.

ही अट आजची नव्हे. १९४४ साली अमेरिकेच्या नौदलाने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेपुढे एक काम ठेवले होते. केवळ गुणांक बदलून निरनिराळ्या विमानांचे वर्तन हुबेहूब दाखवील असे एकच यंत्र त्यांना हवे होते. या कामाची धुरा जे फॉरेस्टर यांच्याकडे होती. आरंभी सदृश पद्धतीच्या यंत्राचा विचार झाला. पुढे तो सोडून अंकीय संगणकाचा मार्ग धरण्यात आला, आणि त्यातून ‘व्हर्लविंड’ हा संगणक जन्मास आला. त्या काळचे पुष्कळ संगणक संख्येतील अंक एकामागून एक हाताळीत. व्हर्लविंडमध्ये सोळाही द्विमान अंक एकाच वेळी हाताळण्याची योजना करावी लागली, कारण विमान थांबत नाही. तरीही यंत्राची खरी अडचण गणिताची नव्हती. ती स्मृतीची होती. स्थिरविद्युत् नलिकांची स्मृती मंद तर होतीच, शिवाय बेभरवशाचीही होती. १९५३ मध्ये तिच्या जागी चुंबकीय कड्यांची स्मृती बसविण्यात आली, तेव्हा एक शब्द मिळविण्याचा काळ सुमारे २५ मायक्रोसेकंदांवरून ९ मायक्रोसेकंदांवर आला. तोपर्यंत विमानाच्या खोळीची कल्पना मागे पडून या यंत्राचा ओघ हवाई संरक्षणाच्या ‘सेज’ योजनेकडे वळला होता हे खरे; परंतु उड्डाणाचे अनुकरण करू पाहणाऱ्यांना पहिला तडाखा स्मृतीच्या विलंबाचा बसला, ही नोंद आजच्या खरेदीदारानेही विसरू नये अशी आहे.

आजच्या सिम्युलेटरात कालाचे माप म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला ३० फ्रेम दाखवावयाच्या असतील तर एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद मिळतात. ६० दाखवावयाच्या असतील तर १६.७, आणि आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्ये ९० दाखवावयाच्या असतील तर अवघे ११.१. या अवधीत विमानाचे गणित, त्यातील यंत्रणांचे गणित, आसपासची वाहतूक, ढग, भूप्रदेश आणि चित्रण ही सर्व कामे पुरी व्हावी लागतात. येथे सरासरीवर विसंबणे धोक्याचे आहे. समजा, एका सेकंदात ५७ फ्रेम प्रत्येकी १६ मिलिसेकंदांत निघाल्या आणि एक फ्रेम ८८ मिलिसेकंदांत निघाली. एकूण फ्रेम ५८ झाल्या. कागदावर हा आकडा उत्तम दिसतो. परंतु १४० नॉट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ७२ मीटर, धावपट्टीकडे येणारे विमान त्या एका फ्रेमच्या अवधीत सहा मीटरांहून अधिक पुढे गेलेले असते, आणि वैमानिकाला त्याची वार्ताही नसते.

विमान टेकविताना नाक उचलण्याचा क्षण हा असाच. त्या वेळी हात आणि डोळा यांचे संधान क्षणाक्षणाला जुळत असते. चित्र उशिरा आले की हात अधिक ओढतो. मग चित्र एकदम पुढे येते, हात घाईने सोडतो. आणि विमान वरखाली हेलकावू लागते. शिकाऊ वैमानिक हा दोष आपल्या हाताचा समजून तो सुधारू लागतो, म्हणजे वस्तुतः तो संगणकाच्या विलंबाशी जुळवून घेण्यास शिकतो. एकदा हात चुकीचा बसला की तो मोडून काढणे नवे शिकविण्यापेक्षा कठीण जाते. व्यावसायिक प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरांसाठी म्हणूनच विलंबाची मर्यादा नियमांनी बांधलेली असते. अमेरिकेच्या नियमांत सर्वोच्च वर्गाच्या यंत्रांना दीर्घकाळ १५० मिलिसेकंदांची मर्यादा होती आणि पुढे ती १०० वर आणण्यात आली. मेजावरील संगणकाला असे प्रमाणपत्र नसते व त्यावरील तास वैमानिकाच्या नोंदवहीत आपोआप धरले जात नाहीत. तथापि त्यावर सराव करणाऱ्याचा हात तोच असतो.

आता एका फ्रेमच्या पोटात काय घडते ते पाहू जाता निवडीचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निकष हाती लागतो. ‘एक्स-प्लेन’ या सिम्युलेटरात पंख, शेपूट आणि पंखा यांचे लहान लहान खंड पाडून प्रत्येक खंडावरील हवेचे बल काढले जाते, त्यांची बेरीज घेतली जाते आणि तीवरून विमानाची पुढील स्थिती ठरते. ही स्थिती ठरल्याशिवाय यंत्रणांचे काटे हलविता येत नाहीत. दृष्टिबिंदू ठरल्याशिवाय कोणत्या वस्तू दिसतात हे ठरत नाही. आणि ते ठरल्याशिवाय चित्रणाच्या आज्ञा देता येत नाहीत. कामांची ही साखळी आहे. तिच्यातील कड्या शेजारी शेजारी ठेवून एकाच वेळी ओढता येत नाहीत. भूप्रदेशाची चित्रे उलगडणे, दूरची वाहतूक हलविणे, ध्वनी तयार करणे अशी कामे इतर गाभ्यांवर वाटता येतात; मुख्य साखळी मात्र एकाच गाभ्यावर चालते. सिम्युलेटरांच्या कर्त्यांनी हा भार हलका करण्याचे पुष्कळ प्रयत्न केले आहेत. २०२० साली एक्स-प्लेनच्या ११.५० या आवृत्तीत व्हल्कन ही चित्रणपद्धती आली ती याच हेतूने, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४’मध्येही काम अधिक गाभ्यांवर पसरविण्यावर भर आहे. साखळी आखूड झाली आहे. नाहीशी झालेली नाही.

याचा परिणाम अंकांत मांडता येतो. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम येथे पुरेसा आहे. उदाहरणादाखल असे धरावे की, एका फ्रेमचे एकूण काम एकाच गाभ्यावर ३० मिलिसेकंदांचे आहे. त्यांपैकी १८ साखळीचे आणि १२ वाटून देता येण्याजोगे. चार गाभे असल्यास १८ अधिक ३ म्हणजे २१ मिलिसेकंद लागतील. आठ असल्यास १९.५. सोळा असल्यास १८.७५. गाभे अगणित केले तरी १८ च्या खाली जाता येणार नाही, आणि ६० फ्रेमांसाठी लागणारी १६.७ ची वेस ओलांडली जाणार नाही. उलट आठच गाभे ठेवून प्रत्येक गाभा वीस टक्क्यांनी वेगवान केला तर १९.५ चे १६.२५ होतात आणि वेस ओलांडली जाते. सोळा किंवा चोवीस गाभ्यांच्या प्रोसेसरवर दुप्पट पैसा खर्च करणाऱ्याच्या पदरी निराशा का येते, याचे उत्तर या चार ओळींच्या गणितात आहे.

परंतु ‘गाभा वेगवान’ म्हणजे काय? केवळ गिगाहर्ट्झचा आकडा मोठा, असा याचा अर्थ घेतला तर पुन्हा फसगत होते. पाच गिगाहर्ट्झने चालणाऱ्या गाभ्याचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा असतो. त्याला हवी असलेली माहिती मुख्य स्मृतीतून, म्हणजे रॅममधून, आणावयाची तर सुमारे ८० नॅनोसेकंद जातात. म्हणजे चारशे ठोके गाभा जवळजवळ हातावर हात ठेवून बसतो. हीच माहिती प्रोसेसरच्या पोटातील तिसऱ्या पातळीच्या कॅशमध्ये सापडली तर दहाएक नॅनोसेकंदांत, म्हणजे पन्नासएक ठोक्यांत काम भागते. ग्रंथालयात बसून लिहिणाऱ्या अभ्यासकाचा अनुभव असाच असतो. लागणारी पुस्तके मेजावर असली तर लेखणी थांबत नाही. प्रत्येक संदर्भासाठी चिठ्ठी लिहून तळघरातील कपाटातून पुस्तक मागवावे लागले, तर लिहिणारा कितीही चपळ असला तरी दिवसाअखेर पाने थोडीच भरतात.

सिम्युलेटरला लागणारी माहिती मोठी, विखुरलेली आणि दर फ्रेमला पुन्हापुन्हा लागणारी असते. हजारो वस्तू, त्यांची स्थाने, विमानातील शेकडो यंत्रणांची मूल्ये हे सर्व सेकंदात साठ वेळा चाळले जाते. लहान कॅशमध्ये ते मावत नाही. एक भाग आत येतो तेव्हा दुसरा बाहेर ढकलला जातो आणि पुढच्या फ्रेमला तोच परत आणावा लागतो. कॅश पुरेशी मोठी झाली की ही ये-जा एकाएकी कमी होते. एप्रिल २०२२ मध्ये एएमडी कंपनीने रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आणला तेव्हा हे ठळकपणे दिसून आले. त्याच्याच कुळातील ५८००एक्समध्ये तिसऱ्या पातळीची कॅश ३२ मेगाबाइट होती. नव्यात मूळ पापुद्र्यावर ६४ मेगाबाइटांचा दुसरा पापुद्रा चढवून ती ९६ करण्यात आली. गाभे दोहोंतही आठच. कमाल ठोका तर नव्याचाच कमी होता, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. असे असूनही सिम्युलेटरांत नवा प्रोसेसर स्पष्टपणे पुढे गेला, तर पुष्कळशा कार्यालयीन कामांत तो मागे पडला. गणना तीच, गाभे तेवढेच, ठोका मंद, आणि तरीही वेग अधिक: विलंब कोठे होता याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

या रचनेत एक दोष होता. वरच्या पापुद्र्यामुळे गाभ्यांची उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होई, आणि त्यामुळे ठोका वाढविता येत नसे. नोव्हेंबर २०२४ च्या रायझन ७ ९८००एक्स३डीमध्ये कॅशचा पापुद्रा गाभ्यांच्या खाली नेण्यात आला. कॅश ९६ मेगाबाइटच राहिली, पण कमाल ठोका ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत गेला. याच कुळातील सोळा गाभ्यांच्या प्रोसेसरांबाबत, उदाहरणार्थ २०२३ च्या ७९५०एक्स३डीबाबत, एक सावधगिरी हवी. त्यात आठ-आठ गाभ्यांचे दोन गट असून मोठी कॅश एकाच गटाजवळ आहे. सिम्युलेटरची मुख्य साखळी चुकून दुसऱ्या गटावर पडली, तर अधिक किमतीच्या यंत्रावर कमी वेग अनुभवास येतो. ज्या विभागात त्याच संगणकावर दिवसा मोठी संगणने आणि सायंकाळी सिम्युलेटर चालणार असेल तेथे सोळा गाभे समर्थनीय ठरतील. केवळ उड्डाणासाठी आठ गाभ्यांचा सरळ मार्ग अधिक शहाणपणाचा.

रॅमबाबत दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत: किती आणि कशी. किती, याचे उत्तर सिम्युलेटर २०२४ च्या प्रकाशित अपेक्षांतच आहे: किमान १६ गिगाबाइट, शिफारस ३२, आणि आदर्श ६४. बाहेरून घेतलेली तपशीलवार विमाने आणि विमानतळ वापरणाऱ्याने ६४ घ्यावी. त्यापुढील रॅम रिकामीच राहते. कशी, हा प्रश्न मात्र जाहिरातीतील आकड्यांनी झाकोळला जातो. डीडीआर४ जातीची ३२०० वेगाची रॅम सोळा ठोक्यांच्या प्रतीक्षेने घेतली तर तिचा आरंभीचा विलंब १० नॅनोसेकंद येतो. डीडीआर५ जातीची ६००० वेगाची रॅम चाळीस ठोक्यांच्या प्रतीक्षेने घेतली तर तो १३.३ येतो, म्हणजे नवी आणि महाग वस्तू या एका बाबतीत जुनीपेक्षा मंद. तीस ठोक्यांची घेतली तर पुन्हा १० वर येतो आणि वर दुप्पट वहनक्षमताही मिळते. रॅम दोन पट्ट्यांतच घ्यावी. चार पट्ट्या बसविल्या की डीडीआर५ च्या बहुतेक मदरबोर्डांवर वेग खाली आणावा लागतो. पुढे वाढविता येईल म्हणून आज १६-१६ च्या दोन घेणाऱ्याला ही गोष्ट उशिरा कळते. शिवाय मदरबोर्डच्या मांडणीत रॅमचा नोंदविलेला वेग मुद्दाम चालू करावा लागतो. हे राहून गेल्यामुळे अर्धवट वेगाने चालणारे संगणक थोडेथोडके नसावेत.

चित्रणाच्या कार्डाकडे खरेदीदाराचे लक्ष सर्वांत आधी जाते. येथे त्याचा विचार मागाहून केला आहे तो हेतुपुरस्सर. कार्डाचे काम बिंदूंच्या संख्येवर अवलंबून असते. १९२० गुणिले १०८० चा पडदा सुमारे २०.७ लाख बिंदूंचा, तर ३८४० गुणिले २१६० चा सुमारे ८२.९ लाख बिंदूंचा. म्हणजे नेमका चौपट. वैमानिकाच्या दृष्टिक्षेत्रासाठी असे तीन पडदे मांडले तर संख्या अडीच कोटींच्या घरात जाते. तेव्हा आधी पडदा ठरवावा आणि मग कार्ड, हा क्रम उलटा करू नये. लहान पडद्यावर बलाढ्य कार्ड बसविले तर ते प्रोसेसरची वाट पाहत बसते. कार्डाची स्वतःची स्मृती हा दुसरा निकष; भूप्रदेशाची चित्रे तेथे मावली नाहीत तर ती रॅममधून ये-जा करू लागतात आणि वर वर्णिलेली ८८ मिलिसेकंदांची अडखळ उत्पन्न होते. सिम्युलेटर २०२४ च्या आदर्श अपेक्षेत १२ गिगाबाइट आहेत. मोठ्या पडद्यांना १६ किंवा अधिक सोयीस्कर ठरतात. एनव्हिडियाच्या २०२२ च्या आरटीएक्स ४०९० मध्ये २४ आणि २०२५ च्या ५०९० मध्ये ३२ गिगाबाइट आहेत.

अलीकडील कार्डांत दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये कल्पनेने तयार केलेल्या फ्रेम घालण्याची सोय असते. तिने पडद्यावरील आकडा दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो आणि खिडकीबाहेरील दृश्य खरोखरच गुळगुळीत वाटते. उंचावरून निवांत प्रवास करणाऱ्याने तिचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु या भरीच्या फ्रेमांत विमानाचे गणित झालेले नसते. दांडा हलविल्याचा परिणाम पुढील खऱ्या फ्रेमशिवाय दिसत नाही. किंबहुना मधली फ्रेम तयार करण्यासाठी पुढची खरी फ्रेम क्षणभर रोखून धरावी लागत असल्यामुळे विलंब किंचित वाढतोच. टेकण्याच्या सरावासाठी ही सोय म्हणजे तोंडाला पुसलेली पाने होत.

हेडसेट घेणाऱ्याने तांत्रिक गुणांइतकाच त्याच्या पाठीशी असलेल्या प्रणालीचा विचार करावा. मायक्रोसॉफ्टने विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी ही प्रणाली विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीतून २०२४ साली काढून टाकली, तेव्हा तीवर चालणारे एचपी रिव्हर्ब जी२ सारखे सुस्थितीतील, आणि वैमानिकी हौशी मंडळींत विशेष प्रिय असलेले हेडसेट त्या आवृत्तीवर निकामी ठरले.

साठवणीबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. एनव्हीएमई जातीची दोन टेराबाइटांची एसएसडी पुरेशी असते. तिच्यातील सर्वांत वेगवान प्रकार घेतल्याने उड्डाणात फरक जाणवत नाही, केवळ आरंभीची प्रतीक्षा थोडी घटते. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरला १५० गिगाबाइट जागा लागत असे, २०२४ च्या आवृत्तीची अपेक्षा ५० वर आली. कारण भूप्रदेश आता बहुतांशी आंतरजालावरून उड्डाण चालू असतानाच येतो. साहजिकच डिस्कवरील ओझे जोडणीवर गेले. आदर्श अपेक्षा सेकंदाला १०० मेगाबिटांची आहे. वसतिगृहाच्या सामायिक जोडणीवर सायंकाळी हा वेग मिळत नसेल तर डोंगर धूसर दिसतील, आणि त्याला कोणतेही कार्ड उपाय नाही.

वीज आणि उष्णता यांकडे मात्र आपल्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. आरटीएक्स ५०९० कार्ड ५७५ वॅटपर्यंत वीज घेते. प्रोसेसर व इतर घटक धरून संपूर्ण यंत्र सातशे वॅटच्या पुढे जाते, आणि ही सारी वीज शेवटी त्याच खोलीत उष्णता होऊन राहते. कार्डाच्या निर्मात्यांनी १००० वॅटच्या वीजपुरवठ्याची शिफारस केली आहे ती क्षणिक उसळ्या धरून. तीत काटकसर करू नये. या कार्डांच्या वीजजोडाचा खटका पूर्ण बसला आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून खात्री करावी. २०२२ मध्ये ४०९० च्या वेळी अर्धवट बसलेले जोड वितळल्याची प्रकरणे उघडकीस आली होती. थंडाव्याचे आकडे थंड प्रदेशांतील प्रयोगशाळांत, साधारण २० ते २५ अंशांच्या हवेत, घेतलेले असतात. पंखा कितीही मोठा असो, तो प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. अकोला किंवा नागपूर येथे वैशाखात बंद खोलीची हवा ४० अंशांवर गेली, की परीक्षणात ७५ अंश दाखविणारा प्रोसेसर ९० च्या घरात पोहोचतो आणि स्वतःच्या रक्षणासाठी ठोका मंद करण्याच्या सीमेवर येतो. तेथे अधिक भारी कार्डाऐवजी एक पायरी हलके कार्ड आणि उरलेल्या पैशांत खोलीचे वातानुकूलन, हा हिशेब अधिक फायद्याचा ठरतो. अखंड वीजपुरवठ्याचे साधन घ्यावयाचे तर ते शुद्ध साइन तरंग देणारे असावे.

यंत्र जुळवून झाल्यावर, किंवा जुने यंत्र सुधारावयाचे असल्यास त्यापूर्वीच, एक साधी चाचणी घ्यावी. मोठ्या शहराजवळचा गजबजलेला विमानतळ, ढगाळ हवा आणि तपशीलवार विमान निवडून फ्रेमला लागणारा काळ नोंदवावा. मोकळ्या समुद्रावर घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही. नंतर इतर काहीही न बदलता पडद्याचे बिंदू एक-चतुर्थांश करावे. काळ जवळजवळ तितकाच राहिला तर अडसर प्रोसेसर आणि स्मृती यांचा आहे, आणि नवे कार्ड घेऊन एक मिलिसेकंदही वाचणार नाही. काळ ठळकपणे घटला तर अडसर कार्डाचा. दोन्ही अवस्थांत सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांचा काळही टिपावा. एक्स-प्लेनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. सेकंदाला सुमारे २० फ्रेमांच्या खाली गेल्यास गणित बिघडू नये म्हणून हा सिम्युलेटर स्वतःचे घड्याळच मंद करतो. अशा वेळी पडद्यावरील विमान एका मिनिटाचा प्रतीक्षाफेरा पुरा करते तेव्हा भिंतीवरील घड्याळात एका मिनिटाहून अधिक काळ गेलेला असतो. हातातील घड्याळ लावून फेऱ्यांचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्याची वळणे मग दर वेळी चुकतात.